मुष्टियुद्धातील गुणनिर्णय

मुष्टियुद्धाची लढत निर्णायक ठोशाने न संपता नियोजित फेऱ्या पूर्ण झाल्यास गुणांच्या आधारे विजेता ठरविण्याची पद्धती. प्रतिस्पर्धी खाली कोसळून दहा अंक मोजेपर्यंत उठू शकला नाही किंवा पंचाने लढत थांबविली, तर निकालाविषयी सहसा शंका उरत नाही. परंतु दोन्ही योद्धे अखेरपर्यंत उभे राहिले, तर निकाल रिंगणाबाहेर बसलेल्या निर्णायकांच्या (जजांच्या) गुणपत्रिकांवरून लागतो. मुष्टियुद्धातील बहुतेक वाद या दुसऱ्या प्रकारच्या लढतींतून उद्भवलेले आहेत.

वऱ्हाडातील वाचकाला हा भेद कुस्तीच्या उदाहरणाने सहज समजेल. अमरावती, अकोला, बुलढाणा या भागांतील गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांची दंगल पाहणाऱ्यास मल्लाची पाठ मातीला लागलेली स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. चितपट कुस्तीचा निकाल पंच जाहीर करतो. परंतु तो ठरवितो असे म्हणता येत नाही. मुष्टियुद्धातील अटीतटीच्या लढतीत असे उघड दिसणारे प्रमाण नसते. एका सेकंदात दोन-तीन ठोसे पडतात. त्यांतील कोणता ठोसा लक्ष्यावर लागला व कोणता हातमोज्यावर अडविला गेला, हे तीन बाजूंनी पाहणाऱ्या तीन जाणकारांना वेगवेगळे दिसू शकते. अशा लढतीचा निकाल हे मोजमाप नसून अभिप्राय असतो. गुणांकनाच्या पद्धतींचा इतिहास म्हणजे या अभिप्रायाला मोजमापाचे रूप देण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

नियमांचा विकास : इंग्लंडमध्ये जॅक ब्रॉटन याने १७४३ मध्ये तयार केलेल्या नियमांत गुणांना स्थान नव्हते. एक योद्धा पडला की फेरी संपे आणि ठरावीक वेळात तो पुन्हा उभा राहिला नाही, तर लढत संपे. जॉन ग्रॅहॅम चेंबर्स याने तयार केलेले व मार्क्विस ऑफ क्वीन्सबरी यांच्या नावाने १८६७ मध्ये प्रसिद्ध झालेले नियम हे आधुनिक मुष्टियुद्धाचे मूळ समजले जातात. त्यांनी हातमोजे, तीन मिनिटांची फेरी व फेऱ्यांमधील एक मिनिटाची विश्रांती रूढ केली. वेळेची मर्यादा आल्यामुळे दोघेही उभे असताना लढत संपण्याचा प्रसंग वारंवार येऊ लागला आणि श्रेष्ठ कोण हे ठरविण्यासाठी गुणांची आवश्यकता भासू लागली. १९०४ मध्ये सेंट लुइस येथे मुष्टियुद्धाचा ऑलिंपिक क्रीडासामन्यांत समावेश झाला. भारतीय मुष्टियोद्धे १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम उतरले.

गुणास पात्र ठोसा : मिटलेल्या हातमोज्याच्या बोटांच्या पेरांकडील भागाने, प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याच्या समोरील वा बाजूच्या भागावर अथवा कमरपट्ट्याच्या वरच्या धडावर, अडथळा न येता लागलेला ठोसा गुणास पात्र असतो. दंडावर वा हातमोज्यावर लागलेला, उघड्या पंजाने मारलेला किंवा शरीराचा जोर नसलेला ठोसा धरला जात नाही. यांशिवाय हौशी स्पर्धांत लढतीवरील तांत्रिक व डावपेचात्मक वर्चस्व आणि लढाऊ वृत्ती यांचा, तर व्यावसायिक लढतींत परिणामकारक आक्रमकता, रिंगणावरील ताबा आणि बचाव यांचाही विचार होतो. ठोशांची संख्या निदान तत्त्वतः मोजता येते; वर्चस्व मात्र मोजता येत नाही. एखादा निर्णायक पुढे चाल करून जाणाऱ्या योद्ध्यास झुकते माप देतो, तर दुसरा मागे सरकत अचूक प्रतिठोसे लगावणाऱ्यास. दोघेही नियमांच्या चौकटीतच असतात.

दहा गुणांची पद्धती : या पद्धतीत प्रत्येक फेरी स्वतंत्र धरून तिच्या विजेत्यास १० गुण देतात. प्रतिस्पर्ध्यास निसटत्या पराभवाबद्दल ९, स्पष्ट पराभवाबद्दल ८ आणि संपूर्ण वर्चस्व असल्यास ७ गुण मिळतात. व्यावसायिक लढतीत एकदा खाली पाडल्यास सामान्यतः १०–८ असे गुण दिले जातात. अखेरीस सर्व फेऱ्यांची बेरीज करतात.

या पद्धतीचे एक वैशिष्ट्य प्रेक्षकांच्या सहसा ध्यानात येत नाही. समजा, तीन फेऱ्यांच्या लढतीत लाल कोपऱ्यातील योद्ध्याने पहिल्या फेरीत १२ व निळ्याने ११, दुसरीत लालने १३ व निळ्याने १२ आणि तिसरीत लालने ८ व निळ्याने १८ ठोसे लगावले. एकूण ठोसे निळ्याचे ४१ व लालचे ३३ होतात. तथापि तिन्ही फेऱ्यांना १०–९ असेच गुण दिल्यास लाल योद्धा २९–२८ असा विजयी ठरतो. तिसऱ्या फेरीस १०–८ दिल्यास २८–२८ अशी बरोबरी होते आणि हौशी नियमांनुसार निर्णायकास एकाची निवड करावीच लागते. अर्थात, एकच लढत पाहून दोन प्रामाणिक निर्णायक परस्परविरुद्ध निकाल देऊ शकतात. त्यांच्यातील मतभेद केवळ एका फेरीच्या फरकाची व्याप्ती किती, एवढाच असू शकतो. प्रेक्षक संपूर्ण लढतीची छाप मनात ठेवतो, तर निर्णायकाला प्रत्येक फेरीनंतर पाटी कोरी करावी लागते. ‘आमचा योद्धा जिंकला होता’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा या फरकात असते.

वेल्टरवेट गटातील काही निकाल : व्यावसायिक मुष्टियुद्धात वेल्टरवेट गटाची कमाल मर्यादा १४७ पौंड (सु. ६६·७ किग्रॅ.) आहे. जड गटांतील जोर व हलक्या गटांतील चपळाई यांचा मेळ या गटात पडत असल्याने येथील लढती विशेष चुरशीच्या होतात. २० जून १९८० रोजी माँट्रिऑल येथे रॉबेर्तो दुरान याने शुगर रे लेनर्डचा १५ फेऱ्यांत पराभव केला. तिघा निर्णायकांचे गुण १४५–१४४, १४६–१४४ व १४८–१४७ असे होते. यांपैकी शेवटच्या पत्रिकेत तब्बल दहा फेऱ्या समान दाखविल्या होत्या आणि तिची बेरीज आरंभी चुकीने १४७–१४७ अशी जाहीर झाली होती. समान फेरी देणे नियमबाह्य नसले, तरी निर्णय देण्यासाठी बसलेल्याने निर्णयच टाळणे हा या प्रथेचा दोष ठरतो. १६ सप्टेंबर १९८१ रोजी लास व्हेगस येथे लेनर्डने टॉमस हर्न्सला चौदाव्या फेरीत हरविले, तेव्हा तिन्ही पत्रिकांवर हर्न्स आघाडीवर होता. लढत तेथे थांबली नसती, तर निकाल कदाचित वेगळा लागला असता.

१८ सप्टेंबर १९९९ रोजी ऑस्कर दे ला होया व फेलिक्स त्रिनिदाद यांच्यातील १२ फेऱ्यांच्या लढतीत त्रिनिदादच्या बाजूने ११५–११३, ११५–११४ व ११४–११४ असे गुण पडले. सर्व फेऱ्या १०–९ अशा दिल्यास ११५–११३ याचा अर्थ सात फेऱ्या विरुद्ध पाच व ११४–११४ याचा अर्थ सहा विरुद्ध सहा असा होतो; म्हणजेच तिघांतील अंतर एका फेरीचेच होते. आपण पुढे आहोत असे समजून दे ला होयाने अखेरच्या फेऱ्यांत लढण्याचे टाळले. गुणपत्रिका मात्र तसे सांगत नव्हत्या. ९ जून २०१२ रोजी टिमथी ब्रॅडली याने मॅनी पॅक्याव याच्यावर ११५–११३, ११५–११३, ११३–११५ असा विभागून विजय मिळविला. संगणकीय मोजणीनुसार पॅक्यावचे २५३ व ब्रॅडलीचे १५९ ठोसे लागले होते. संबंधित जागतिक संघटनेने नेमलेल्या पाच निर्णायकांनी चित्रफीत पाहून पाचही मते पॅक्यावच्या बाजूने दिली. तरीही मूळ निकाल कायम राहिला.

संगणकीय गुणांकन : हौशी क्षेत्रातील मोठी सुधारणा एका गाजलेल्या अन्यायातून घडली. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमधील लाइट मिडलवेट गटाच्या अंतिम लढतीत अमेरिकेच्या रॉय जोन्सने ८६, तर दक्षिण कोरियाच्या पार्क सी-हुनने ३२ ठोसे लगावल्याची नोंद झाली. परंतु पार्कला ३–२ मतांनी सुवर्णपदक मिळाले. त्याच स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट शैलीचा पुरस्कार जोन्सला देण्यात आला. पुढे २०२३ मध्ये पार्कने ते पदक स्वतः जोन्सच्या हाती दिले.

या प्रकरणानंतर आणलेली संगणकीय पद्धती १९९२ च्या बार्सेलोना ऑलिंपिकमध्ये वापरली गेली. पाच निर्णायकांपुढे लाल व निळी अशी दोन बटणे असत. एका सेकंदाच्या आत तिघांनी एकच बटण दाबले, तरच गुण नोंदला जाई. निर्णायकाचा व्यक्तिगत कल यामुळे काहीसा नियंत्रित झाला. पण नवे दोष उत्पन्न झाले. जलद ठोशांच्या मालिकेत तिघांची बोटे एकाच वेळी चालत नसत. त्यामुळे चार ठोशांचा एकच गुण होई किंवा एकही होत नसे. धडावरील ठोसे दुर्लक्षित राहू लागले. प्रतिस्पर्ध्यास खाली पाडणारा ठोसा व साधा ठोसा यांचे मोल सारखेच ठरले. परिणामतः योद्धे एकेक सुटा, ठळक दिसणारा ठोसा मारून बचावात्मक पवित्रा घेऊ लागले. गुण मोजण्याच्या साधनाने खेळाचे स्वरूपच पालटले.

या पद्धतीतील भारताशी संबंधित सर्वांत वादग्रस्त निकाल वेल्टरवेट गटातीलच आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ६९ किग्रॅ. गटात हरयाणाच्या विकास कृष्णनला अमेरिकेच्या एरल स्पेन्सविरुद्ध १३–११ असे विजयी घोषित करण्यात आले. अमेरिकेच्या तक्रारीवरून आंतरराष्ट्रीय संघटनेने चित्रफीत तपासली. तिसऱ्या फेरीत विकासने नऊ वेळा प्रतिस्पर्ध्यास पकडून ठेवले व त्यापूर्वी दंतरक्षक हेतुतः बाहेर टाकला. पंचाने याबद्दल ताकीद द्यावयास हवी होती व तीमुळे स्पेन्सला किमान चार गुण मिळाले असते, असे ठरवून निकाल १५–१३ असा स्पेन्सच्या बाजूने फिरविण्यात आला. भारताने क्रीडा लवादाकडे केलेले अपील फेटाळले गेले. या प्रकरणात दोन तत्त्वांचा संघर्ष दिसतो. नियमभंग झाला असेल, तर त्याची भरपाई व्हावी, हे एक तत्त्व. रिंगणातील पंचाने त्या क्षणी जे दिले नाही, ते मागाहून इतरांनी देऊ नये, हे दुसरे. कारण ताकीद वेळीच मिळाली असती, तर योद्ध्याने आपली खेळी बदलली असती. १९८८ चा उघड चुकीचा निकाल बदलला गेला नाही व २०१२ मधील चुरशीचा निकाल मात्र काही तासांत बदलला गेला, ही विसंगती मुष्टियुद्धाच्या चाहत्यांना आजही खटकते.

दहा गुणांकडे पुनरागमन : २०१३ मध्ये संगणकीय पद्धती रद्द करून हौशी मुष्टियुद्धातही दहा गुणांची पद्धती स्वीकारण्यात आली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पाचपैकी यादृच्छिक रीत्या निवडलेल्या तीन निर्णायकांचेच गुण धरले गेले. तेथे आयर्लंडच्या मायकेल कॉनलनचा रशियाच्या व्लादिमीर निकितिनकडून झालेला पराभव फार गाजला. विजेता निकितिन जखमांमुळे पुढील लढतीस उतरूच शकला नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅक्लॅरेन चौकशी अहवालाने रिओ येथील काही निकालांत गैरप्रकार झाल्याचे दाखविले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१९ मध्ये निलंबित केलेल्या संघटनेची मान्यता २०२३ मध्ये काढून घेतली. टोकिओ व पॅरिस येथील स्पर्धा समितीच्या स्वतंत्र गटाने घेतल्या. ‘वर्ल्ड बॉक्सिंग’ या नव्या संघटनेस फेब्रुवारी २०२५ मध्ये तात्पुरती मान्यता मिळाली व त्यानंतर २०२८ च्या लॉस अँजेलिस ऑलिंपिकमधील मुष्टियुद्धाचे स्थान निश्चित झाले. गुणनिर्णयावरील विश्वास उडाल्यास संपूर्ण खेळाचेच अस्तित्व कसे धोक्यात येते, हे या घटनांवरून स्पष्ट होते.

टोकिओपासून प्रत्येक फेरीनंतर गुण जाहीर होऊ लागले. यामुळे पारदर्शकता वाढली. पण वाद संपले नाहीत. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ७१ किग्रॅ. गटाच्या उपांत्यपूर्व लढतीत भारताचा निशांत देव पहिल्या फेरीत बहुसंख्य निर्णायकांच्या मते पुढे होता. तरीही मेक्सिकोच्या मार्को वर्देने त्याला ४–१ असे हरविले. निशांतच्या बाजूने भारतात तीव्र प्रतिक्रिया उमटल्या. ‘४–१’ ही संख्या येथे फसवी ठरते. तिचा अर्थ लढत एकतर्फी झाली असा नसून पाचपैकी चौघांना वर्दे किंचित सरस वाटला, एवढाच असू शकतो.

वजनगटांतील बदल : भावी लढतींचा अंदाज बांधताना गटाची मर्यादा प्रथम पाहावी लागते. हौशी वेल्टरवेट गटाची मर्यादा दीर्घ काळ ६७ किग्रॅ. होती, पुढे ती ६९ किग्रॅ. झाली. पॅरिस येथे पुरुषांसाठी ६३·५ नंतर थेट ७१ किग्रॅ. गट होता, तर नव्या संघटनेच्या रचनेत ६५ व ७० किग्रॅ. असे गट आहेत. अशा प्रत्येक बदलाने ६७ ते ६९ किग्रॅ. वजनाच्या योद्ध्यापुढे खाली उतरावे की वर जावे, असा प्रश्न उभा राहतो. घाम गाळून वजन घटविण्याचा मार्ग शरीरातील पाणी कमी करतो व तिसऱ्या फेरीतील दम हिरावून घेतो. मे महिन्यात ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापणाऱ्या अकोल्यासारख्या शहरात तो जिवावरही बेतू शकतो.

भावी लढतींविषयीची चर्चा : कोणता योद्धा कोणाला हरवील, हा मुष्टियुद्धाच्या चाहत्यांचा आवडता विषय होय. गुणनिर्णयाप्रमाणे हाही अभिप्रायच असतो. फरक इतकाच, की तो लढतीपूर्वी दिला जातो. ‘अ’ने ‘ब’ला व ‘ब’ने ‘क’ला हरविले, म्हणून ‘अ’ हा ‘क’ला हरवील, हा तर्क या खेळात टिकत नाही, कारण शैलींचा परस्परांवरील परिणाम सारखा नसतो. तोच योद्धा वेगळ्या दिवशी वेगळा ठरतो, याचेही उदाहरण उपलब्ध आहे : निशांतने २०२१ च्या जागतिक स्पर्धेत वर्देवरच विजय मिळविला होता. उजव्या वा डाव्या हाताचा पवित्रा, हाताची पोच, वय, वजन घटविण्याचा इतिहास, अलीकडील लढतींतील प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा आणि निर्णायक कोणत्या शैलीस मान देतात, या बाबींवर आधारलेली चर्चाच उपयुक्त ठरते.

फ्लॉइड मेवेदर व पॅक्याव यांच्यातील लढतीची चर्चा २००९ पासून चालू होती. ती प्रत्यक्षात २ मे २०१५ रोजी झाली, तेव्हा दोघांचाही उमेदीचा काळ ओसरला होता व मेवेदर ११८–११०, ११६–११२, ११६–११२ असा जिंकला. लंडन येथे विकासविरुद्ध विजयी ठरलेला स्पेन्स पुढे व्यावसायिक वेल्टरवेट गटातील तीन प्रमुख संघटनांचा विजेता झाला. टेरेन्स क्रॉफर्डबरोबरची त्याची लढत अत्यंत चुरशीची होईल, असे बहुतेक जाणकार वर्षानुवर्षे सांगत होते. २९ जुलै २०२३ रोजी क्रॉफर्डने त्याला तीनदा खाली पाडून नवव्या फेरीत सामना जिंकला. निर्णायकांच्या गुणांची गरजच पडली नाही. याउलट जुलै २०२५ मध्ये ४६ वर्षे वयाच्या पॅक्यावचा मारिओ बॅरिओसपुढे निभाव लागणार नाही, असे अनेकांचे मत होते. ती लढत बहुमताने बरोबरीत सुटली. एका निर्णायकाने बॅरिओसला ११५–११३ अशी पसंती दिली व इतर दोघांनी ११४–११४ गुण दिले.

वऱ्हाडातील स्थिती : या भागास शारीरिक शिक्षणाची जुनी परंपरा आहे. अमरावती येथे वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन येथील ऑलिंपिकप्रसंगी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली होती. मात्र ही परंपरा मुख्यत्वे कुस्ती, मल्लखांब, लेझीम यांसारख्या देशी प्रकारांची होती. मुष्टियुद्धास चालना मिळाली ती शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीमुळे. अकोला येथील निवासी प्रबोधिनीत मुष्टियुद्धाचे प्रशिक्षण दिले जाते. येथे तयार झालेल्या, मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातील अनंता चोपडे याने २०१९ मध्ये इंडोनेशियातील प्रेसिडेंट्स चषक स्पर्धेत ५२ किग्रॅ. गटाचे सुवर्णपदक मिळविले.

गुणनिर्णयाचा प्रश्न अशा ठिकाणी केवळ चर्चेचा राहत नाही. महाराष्ट्रात शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण असून त्याची पात्रता मान्यताप्राप्त स्पर्धांतील पदकांवर अवलंबून असते. शेतकरी वा मजूर कुटुंबातून आलेल्या मुलाच्या बाबतीत नऊ मिनिटांच्या लढतीतील एका फेरीचा १०–९ असा निर्णय पुढील आयुष्याची दिशा ठरवू शकतो. ऑलिंपिकमधील चुकीच्या निकालाची चित्रफीत जगभर पाहिली जाते. जिल्हा वा विभागीय स्पर्धेतील निकालास प्रायः तेवढा साक्षीदारही नसतो. म्हणून प्रशिक्षित व त्रयस्थ निर्णायक, फेरीगणिक उघड होणारे गुण, लढतीचे चित्रण आणि निर्णायकांच्या कामाची नियमित तपासणी या गोष्टींची निकड खालच्या स्तरावर अधिक आहे. प्रशिक्षकांनीही मुलांना प्रत्येक फेरी स्वतंत्रपणे व निःसंदिग्धपणे जिंकण्याची सवय लावणे इष्ट असते. तसे झाल्यास निकाल निर्णायकांच्या अभिप्रायावर कमी व योद्ध्याच्या कौशल्यावर अधिक अवलंबून राहतो. अटीतटीच्या लढतीतील मतभेद कोणत्याही पद्धतीने पूर्णपणे नाहीसे होणार नाहीत. ते प्रामाणिक असतील व त्यांची कारणे सर्वांस पाहता येतील, एवढी काळजी मात्र घेता येते.